दिनूमामा बोटभर कमी भरला

"टाच टेक, दिनू. टाच टेक म्हणून राहिली ना मी!"

माझ्या आईचा आवाज एकदा सुटला की गांधीबागेतून निघून पार सीताबर्डीपर्यंत जायचा, आणि तिथे किल्ल्याची टेकडी आडवी आली म्हणूनच थांबायचा. पाडव्याची सकाळ होती. गुढी अजून उभारायची होती, आणि आई स्टुलावर चढून आपल्या सख्ख्या धाकट्या भावाच्या डोक्यावर पोळपाट दाबून धरून उभी होती. दिनूमामा स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून, नुकत्याच न्हालेल्या अंगाने, हात मांड्यांना चिकटवून सावधान. लढाईतून परत आलेला, लढाऊ विमान चालवणारा, गल्लीने स्टेशनवरून बँड लावून आणलेला आमचा मामा.

"टेकल्याच आहेत, ताई."

"मग डोकं काहून खाली आहे?"

"डोकं आहे तिथंच आहे."

ते नव्हतं. पोळपाटाची कड जुन्या रेघेच्या चांगली बोटभर खाली चौकटीला लागत होती. मी वाकून पाहिलं, बाबांनी चष्मा पुसून पाहिलं, शेजारच्या गोदाकाकू गाठी मागायला आल्या होत्या त्यांनीही पाहून घेतलं. माणूस लढाईवर जातो, मेडल घेऊन येतो, मिशी ठेवून येतो, एखादा पंजाबी बायको घेऊन येतो. पण बोटभर कमी होऊन आलेला माणूस गल्लीने कधी पाहिला नव्हता.

ही मोजणी आमच्या घरचा कुळाचारच होता म्हणा. बाबा कापडाच्या दुकानात होते. दर पाडव्याला ते एक अख्खं थान घरी आणायचे आणि त्या एकाच थानातून सगळ्यांचे कपडे शिवले जायचे. एका वर्षी निळ्या पट्ट्यांचं थान आलं, तेव्हा आम्ही सगळे मिळून रस्त्याने निघालो की लोक लग्न कोणाकडे आहे म्हणून विचारायचे. कापड बेतायचं तर माप हवं, म्हणून थान फाडण्याआधी सगळ्यांना चौकटीला उभं करायचं, डोक्यावर पोळपाट ठेवायचा आणि सुरीने रेघ ओढायची. आम्हा पोरांच्या रेघा दरवर्षी वर सरकायच्या. मोठ्यांच्या त्याच जागी पडायच्या. त्याच रेघेवर आई पुन्हा पुन्हा सुरी फिरवायची, त्यामुळे त्या एवढ्या खोल झाल्या होत्या की दिनूमामाच्या रेघेत आठ आण्याचं नाणं उभं राहायचं. खोटं वाटत असेल तर नाणं आणा. चौकट मी जपून ठेवली आहे.

ज्याची रेघ चुकली तो घराला चुकला, असं आईचं गणित होतं. त्यात दिनूमामा म्हणजे तिचा अर्धा भाऊ आणि अर्धा मुलगा. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा आईने त्याला कडेवर घेऊनच स्वतःच्या लग्नाच्या अक्षता झेलल्या, असं ती सांगायची. (मी सांगते ते लोक खोटं मानतात, पण हे आईचं आहे.) विमान चालवायला जायचं म्हणून तो परवानगी मागायला आला, तेव्हा आई भाकरी थापत होती. तिने एकच अट घातली. "तुले काही झालं तर पहिले मले कळलं पाहिजे. आणि तुझ्या तोंडून." तो हो म्हणाला, चार भाकरी खाऊन उठला आणि गेला.

बाबांनी दुकानातला लोखंडी गज आणला आणि मेव्हण्याला डोक्यापासून टाचेपर्यंत पुन्हा मोजलं. मग गज भिंतीला टेकवून ठेवत ते म्हणाले, "आटला."

"म्हणजे?"

"नवं कापड पहिल्या धुण्यात आटते. तसा आटला."

 आईने पुरण वाटायला घेतलं आणि ते असं रगडलं की पाट्याचा दगडच आटला असेल. दिनूमामा कडुनिंबाची चटणी तोंड वाकडं न करता चाटत बसला.

आता यात माझा भाग सांगते. तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आणि बेबी या नावाने गांधीबागेत एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होते. लोक ज्याला फेकणं म्हणतात, त्याला मी सविस्तर सांगणं म्हणते. दुपारपर्यंत गल्लीभर प्रश्न सुटले होते आणि उत्तर कोणाकडेच नव्हतं. अशा वेळी गप्प बसणं मला कधी जमलं नाही. मी ओट्यावर बसून सांगितलं की मामाचं विमान इतक्या वेगाने जातं की माणूस पुढे पोचतो आणि त्याची उंची मागे राहते, ती हळूहळू येते, पुढच्या पाडव्यापर्यंत पोचेल. ते खपलं. मग सांगितलं की त्याचं विमान इतकं लहान की त्यात बसत नाहीत, ते सदऱ्यासारखं अंगात घालतात, म्हणून सरकारच भरतीनंतर पोरांना जरा दाबून घेतं. तेही खपलं. संध्याकाळी फिरून माझ्यापर्यंत परतलेल्या गोष्टीत मामा वीतभर कमी झाला होता, आणि दोन गल्ल्या पलीकडून एक म्हातारा काठी टेकत त्याला पाहायला आला. पाहिलं, निराश झाला, म्हणाला, चांगला तर आहे.

पण खरं सांगू का, फेकता फेकता माझ्याच पोटात एक प्रश्न उभा राहिला. वेग, विमान, दाब हे सगळं मी रचलं होतं. मग खरंच माणूस कमी कसा होतो?

दिनूमामाला विचारून काही उपयोग नव्हता. लढाईबद्दल त्याच्याकडे एकच उत्तर होतं, "मस्त." जेवण कसं होतं? मस्त. गोळ्या सुटतात तेव्हा कसं वाटते? मस्त. पूर्वी हाच माणूस एका सिनेमाची गोष्ट सिनेमापेक्षा जास्त वेळ सांगायचा. म्हणून मी विचारणं सोडलं आणि पाहायला लागले. पाहायला लागल्यावर काय काय दिसलं! स्टेशनवर पोरं त्याला खांद्यावर घ्यायला धावली तेव्हा तो हसत हसत मागे सरकला होता. आला त्याच संध्याकाळी आईने पेटीतून त्याचा जुना पायजमा काढून दिला, तो घालून तो नळावर पाय धुवायला गेला आणि काठ ओला करून आला, तेव्हाही तो वाकून काठ वर करायला तयार नव्हता. बाजेवर झोपत नव्हता, फरशीवर चटई टाकून पडायचा. खाली पडलेली वस्तू उचलायची तर उंटासारखा आधी गुडघ्यांवर बसायचा, मग उठायचा. शिंक आली की दार धरायचा. हे सगळं मी गुपचूप मनात साठवत होते, आणि माझ्यासारख्या बाईला गुपचूप काही साठवणं म्हणजे पोटात भोवरा फिरवत ठेवणं.

शेवटी सकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवर तर्रीपोहे खायला जाताना मी त्याला धरलं.

"मामा, तुझी पाठ मोडली आहे का?"

तो म्हणाला, "पोहे घे. एका प्लेटला एक प्रश्न. आणि पैसे तू देशील."

अशा रीतीने माझ्या कॉलेजच्या बसचे पैसे तर्रीत बुडाले आणि एका लढाऊ वैमानिकाची कारकीर्द मला प्लेटीप्लेटीने मिळाली. ती तर्री, म्हणजे पोह्यांवर ओततात तो लाल रस्सा, अशी जहाल असायची की खरं बोलल्याशिवाय घशाखाली उतरायची नाही. पहिल्या सकाळी मी विचारलं, किती विमानं पाडलीस? गल्लीत तोवर आकडा बराच वर गेला होता.

"एक," तो म्हणाला.

"कोणाचं?"

"आपलंच. मी बसलो होतो ते."

 दुसऱ्या सकाळी कळलं की परतताना खालून मारलेल्या गोळ्या लागल्या, मागे आग लागली, आणि विमान त्याचं ऐकेना. तिसऱ्या सकाळी मी विचारलं की मग बाहेर कसा आलास. त्याने प्लेट गाडीवर ठेवली आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेले. वर एक मूठ असते, म्हणाला. ती दोन्ही हातांनी खाली ओढायची. तोंडावर कापडाचा पडदा येतो, आणि तुझी खुर्ची तुला घेऊन आभाळात उडते. म्हणजे बुडाखाली कोणीतरी तोफ डागते असं समज. पाठीच्या मणक्यांचा चिवडा होतो. काहींचा पुन्हा नीट बसतो, काहींचा असा बोटभर दबून राहतो. महिनेमहिने इस्पितळात पडून होतो, म्हणाला. तेव्हाच घरी 'रजा मिळत नाही' असे निरोप येत होते.

"भीती वाटली?"

"हा उद्याचा प्रश्न झाला."

चौथ्या सकाळी तो म्हणाला, भीतीला वेळच नव्हता, ती नंतर आली, पॅराशूटच्या छत्रीला लटकल्यावर, खाली कोवळा गहू पाहून. शेत आपल्या बाजूचं होतं हे त्याला ठाऊक होतं, पण शेतकऱ्यांना ठाऊक नव्हतं. ते लाठ्या घेऊन आले. कोण आहेस म्हणून विचारायला लागले, आणि याच्या तोंडून दुखण्याने अस्सल नागपुरी शिव्यांशिवाय दुसरं काही निघेना. ती कोणती परकी भाषा म्हणून लाठ्या आणखी वर गेल्या. एका म्हातारीने ऐकलं आणि ती म्हणाली, आईला हाक मारतोय, खाली ठेवा त्या. तो म्हणतो तो आईला हाक मारत नव्हता. मग कोणाला, तर शिव्यांच्या अधूनमधून तोंडातून "ताई" निघत होतं. यात मी माझ्या पदरचं काहीही घातलेलं नाही, वाटल्यास त्यालाच विचारा. आज तो विमानतळाजवळ, मिहानच्या बाजूला एका फ्लॅटच्या गॅलरीत बसून उतरणाऱ्या विमानांना शिव्या देतो, पाहा भैताड कसा आपटला, म्हणतो, आणि उतरणाऱ्याला काही ऐकू येत नाही याचं त्याला वाईट वाटतं.

शेवटच्या प्लेटला मी विचारलं की आईला का नाही सांगत. तेव्हा कळलं की खरी गाठ कुठे आहे. रजा संपली की डॉक्टरांचं मंडळ त्याला तपासणार होतं. पाठ चालली तर पुन्हा लढाऊ विमान, नाही तर आयुष्यभर खुर्ची, तीही न उडणारी. "डॉक्टर 'नको' म्हणाले तर मी भांडीन," तो म्हणाला. "ताई 'नको' म्हणाली तर मी नाही जाणार, बेबी. म्हणून तिले विचारायचंच नाही." मला गप्प राहायची शपथ घालून त्याने माझी उरलेली तर्रीही पिऊन टाकली.

आणि तिकडे आई कामाला लागली होती. भाऊ आटला असेल तर तो ताणून पुन्हा मापात आणायचा, असं तिने गल्लीत जाहीर केलं. आठवडाभर वडाभात, पाटोडी, कोथिंबीर भरलेल्या, तुपाने निथळणाऱ्या सांबारवड्या, आणि रात्री म्हशीचं दूध असं की पेल्याला आधाराला भिंत लागावी. मग तिने फर्मान काढलं की रविवारी सकाळी आखाड्यातला शामराव पहेलवान येईल आणि दिनूची पाठ ओढून देईल. शामराव पहेलवानाने कोणाकोणाच्या पाठी ओढल्या होत्या याच्या कथा मी स्वतः पसरवलेल्या, त्यामुळे मला चांगल्या माहीत होत्या. तो पाठीत गुडघा रोवायचा, खांदे धरायचा आणि कडाड् आवाज येईपर्यंत मागे ओढायचा. दिनूमामाने एकदा "गरज काय, ताई" म्हणून पाहिलं. आईने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि शत्रूच्या तोफांखालून विमान नेणारा तो माणूस खाली मान घालून दूध प्यायला.

रविवारी गल्ली ओट्यावर जमली. कोणी मुद्दाम बोलावलं नव्हतं, पण पहेलवान येणार म्हटल्यावर गांधीबागेत दुकानंसुद्धा उशिरा उघडतात. अंगणात चटई टाकली. दिनूमामा बनियन काढून पालथा पडला. शामराव पहेलवान पाटावर बसला की पाट दिसेनासा व्हायचा. त्याने लसणीचं कढत तेल परातीत घेतलं आणि तळहात चोळायला लागला. चोळतोय, चोळतोय. चहा मागितला. पुन्हा चोळायला लागला. आणखी एक चहा मागितला. मला एकेका चोळण्यात मामाचा एकेक मणका दिसत होता. पहेलवानाने एकदाचा गुडघा उचलला, आणि माझी शपथ तिथेच सुटली.

"त्याले हात लावू नका," मी म्हटलं. "त्याची पाठ मोडली आहे. जळत्या विमानातून उडाला तो. महिनेमहिने इस्पितळात होता."

सगळी गल्ली हसली. गोदाकाकू पदर तोंडाला लावून हसल्या. कोणीतरी म्हणालं, झालं बेबीचं सुरू. कोणीतरी विचारलं, उडाला तेव्हा उंची कुठं राहिली वं, झाडावर? जन्मभरात पहिल्यांदा मी चारचौघांत खरं बोलले होते आणि ते माझ्या सगळ्यात वाईट थापेइतकंही खपलं नाही. पहेलवानसुद्धा हसला. हसली नाही ती फक्त आई. ती चटईजवळ बसली आणि हळू आवाजात, जो आवाज तिच्याकडे आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं, भावाला म्हणाली, "दिनू, बेबी नेहमीसारखी फेकून राहिली का?"

आता त्याला सोपं होतं. नुसतं हो म्हणायचं, सगळी गल्ली साक्षीला होती. मग वर पहेलवानाचा गुडघा, पण गुपित शाबूत. त्याने चटईतून तोंड वर काढलं. मग म्हणाला, "नाही, ताई. या वेळी नाही."

हसणं विझलं. तो गुडघ्यांवर झाला, मग बसला, आणि त्याने सगळं सांगितलं, अगदी तोंडावर पडलेल्या पडद्यापर्यंत. बाबा इतका वेळ खांबाला टेकून उभे होते. त्यांनी सगळ्यात एकच प्रश्न विचारला.

"छत्रीचं कापड कोणतं होतं? रेशीम?"

"नायलॉन, भाऊजी."

"किती वार?"

"मोजलं नाही."

एवढं कापड अंगावर घेऊन आलेला माणूस ते न मोजता सोडून येतो, हे बाबांना शेवटपर्यंत पटलं नाही.

आईने लोकांना घरी पाठवलं. पहेलवान परात उचलून निघून गेला. ती रडेल, ओरडेल, त्याच्या बॅगेला कुलूप लावेल असं मला वाटलं, त्यालाही वाटलं. ती आत गेली, सुरी आणि पोळपाट घेऊन आली आणि चौकटीकडे बोट दाखवलं. तो मुकाट्याने पाठ लावून उभा राहिला. तिने जुन्या रेघेला हात लावला नाही. तिच्या बोटभर खाली नवी रेघ ओढली, दोनतीनदा सुरी फिरवून खोल केली, आणि म्हणाली, "डॉक्टरले खोटं सांगू नको. ते हो म्हणतील तर उड. पण पुढच्या पाडव्याले याच रेघेवर येऊन उभा राहा. याच्याखाली आलास तर मले चालणार नाही."

तो आला. पुढच्या पाडव्याला आला, त्याच्या पुढच्यालाही आला, केस पांढरे करून आला, नोकरी संपवून आला. मंडळाने त्याला आधी थांबवलं आणि मग सोडलं, तो पुन्हा त्याच जातीच्या विमानात बसला आणि नंतर कोवळ्या पोरांना शिकवायला लागला. ती पोरं त्याला इतकी घाबरायची की म्हणे वर गेल्यावरही बसल्या जागी सॅल्यूट ठोकायची. ते मी रचलं असेन. पण त्या बोटभर खालच्या रेघेत आता नाणं उभं राहतं, हे मात्र मी पाहून लिहिते आहे.

रजा संपली तेव्हा आम्ही त्याला पोचवायला स्टेशनवर गेलो. आईने संत्र्यांची करंडी, सांबारवड्यांचा डबा आणि नव्या थानातले दोन सदरे दिले, नवीन मापाचे. बँड नव्हता. गाडी हलली, तो दारात उभा राहिला, वाकला नाही, नुसता हात वर केला. गाडी गेल्यावर आई फलाटावरच्या बाकावर बसली. उन्हाने रूळ चकाकत होते, आणि मला उगाच पहेलवानाचे ते न संपणारे चहा आठवले.

"आई," मी म्हटलं, "पहेलवान इतका वेळ हात काहून चोळत बसला होता?"

"मीच सांगितलं होतं. गुडघा उचल, पण टेकवलास तर याद राख म्हटलं."

 आयुष्यभर मी स्वतःला घरातली सगळ्यात मोठी थापाडी समजत आले होते. आरडाओरडा, दूध, वडाभात, ताणून मापात आणायच्या गोष्टी, अख्ख्या गल्लीची गर्दी, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून पुन्हा गेलं.

"म्हणजे तुले माहीत होतं?"

"आला त्या संध्याकाळी. पायजम्याचा काठ ओला करून आला ना. लहानपणापासून काठ वर करून पाय धुते तो, त्या दिवशी वाकताच येईना त्याले."

"मग तेव्हाच विचारून टाकाचं होतं."

आईने रिकामी पिशवी घडी घालून काखेत मारली आणि उठली.

"मस्त म्हणाला असता."